टेंटरचं मेण: एडिसनच्या फोनोग्राफला टिकाऊ आवाज कुणी दिला?

कर्णा (धागालेखक)

शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते: फोनोग्राफचा शोध, थॉमस एडिसन, १८७७. ओळ खरी आहे आणि एडिसनचं श्रेय हिरावून घ्यायला मी हा धागा काढलेला नाही. पण इथे जुन्या तबकड्या जमवणारी, ऐकणारी, दुरुस्त करणारी मंडळी आहेत. त्यांना तरी या ओळीच्या पुढचं नाव माहीत असावं असं मला फार मनापासून वाटतं. ते नाव चार्ल्स समनर टेंटर.

आधी एडिसनचं पहिलं यंत्र डोळ्यांसमोर आणू. पितळेचं नळकांडं, त्यावर स्क्रूसारखी फिरत जाणारी खाच, आणि वरून गुंडाळलेला कथलाचा पातळ वर्ख. एका हाताने दांडा फिरवायचा आणि तोंड यंत्राच्या मुखाशी नेऊन जोरात बोलायचं. आवाजाने पडदा थरथरतो, पडद्याला जोडलेली टोच वर्खावर कमीजास्त खोल दाबली जाते आणि वर्खात खळगे उमटतात. नळकांडं पुन्हा सुरुवातीला आणून तेच खळगे टोचेखालून नेले की पडदा तसाच थरथरतो आणि बोललेलं ऐकू येतं. १८७७ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कला ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या कचेरीत एडिसनने हे करून दाखवलं तेव्हा बघणारे थक्क झाले, आणि ते रास्तच होतं. माणसाचा आवाज माणसाशिवाय ऐकू येणं हे त्याआधी कुणी अनुभवलंच नव्हतं.

मात्र यंत्र कामाचं नव्हतं. काही वेळा वाजवलं की खळगे सपाट होत. वर्ख एकदा नळकांड्यावरून काढला की तो परत तसाच्या तसा बसवणं जवळजवळ अशक्य, म्हणजे आवाज साठवून ठेवायची सोयच नाही. दांडा हाताने फिरवायचा, त्यामुळे वेग हलला की स्वरही हलायचा. एडिसन लवकरच विजेच्या दिव्यामागे लागला आणि फोनोग्राफ जवळपास दहा वर्षं बाजूला पडला.

या मधल्या काळात वॉशिंग्टनमध्ये काम सुरू झालं. टेलिफोनसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८८० मध्ये फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, रक्कम ५०,००० फ्रँक. त्या पैशातून त्याने प्रयोगशाळा काढली आणि दोन माणसं जोडीला घेतली. एक त्याचा चुलतभाऊ चिचेस्टर बेल, रसायनशास्त्रज्ञ. दुसरा टेंटर.

टेंटर मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनचा, जन्म १८५४ चा. दुर्बिणींची भिंगं घडवणाऱ्या अल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यात त्याचा हात बसला. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्राचं सूर्यबिंबासमोरून सरकणं, टिपायला जी अमेरिकी पथकं गेली, त्यांतल्या न्यूझीलंडच्या पथकात तो होता. मला यातच त्याची सगळी ओळख दिसते. केसाच्या जाडीइतकी चूक जिथे चालत नाही अशा कामात तयार झालेला कारागीर आवाजाच्या यंत्राकडे वळला, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो सामग्रीचा. वर्खच का?

१८८१ मध्ये त्यांनी एडिसनच्या पद्धतीचं एक यंत्र घेतलं, नळकांड्यावरची खाच मेणाने भरून काढली आणि त्या मेणात आवाज उमटवला. ऑक्टोबरमध्ये ते यंत्र पेटीत घालून, सीलबंद करून स्मिथसोनियन संस्थेकडे ठेवायला दिलं. पुढे शोध आधी कुणाचा यावर वाद झालाच तर पुरावा हवा म्हणून. टेलिफोनच्या पेटंटवरून बेलने कोर्टकचेऱ्या बऱ्याच सोसल्या होत्या. पेटी उघडली गेली १९३७ मध्ये. मेणात नोंदवलेल्या मजकुरात घशातली घरघर होती, शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधली एक ओळ होती, आणि मग यंत्र स्वतःबद्दल सांगतं: मी ग्राफोफोन, माझी आई फोनोग्राफ. ग्राफोफोन हे त्यांनी आपल्या यंत्राला दिलेलं नाव. आईचं ऋण त्यांनी असं उघड मान्य केलं होतं.

पुढची चार वर्षं टेंटर आणि चिचेस्टर यांनी एकेक भाग घासूनपुसून पाहिला. जून १८८५ मध्ये अर्ज केला आणि ४ मे १८८६ रोजी पेटंट मिळालं. त्याचा गाभा असा: आवाज दाबून उमटवायचा नाही, मेणात कोरायचा. टोच बोथट नको, धारदार छिन्नीसारखी हवी आणि तिने मेणाचा बारीक तंतू काढत जायला हवं. वाजवायची सुई मात्र वेगळी, गोलसर टोकाची, आणि ती घट्ट आवळलेली नको. सैल टांगलेली, खाचेवर स्वतःच्या भाराने टेकलेली, खाच जिकडे नेईल तिकडे जाणारी. नळकांडं म्हणजे मेणाचा लेप दिलेली पुठ्ठ्याची नळी, सहा इंच लांब, साधारण सव्वा इंच व्यासाची, एका इंचात १६० ओळी. आणि ही नळी यंत्रातून काढता येत होती, परत लावता येत होती. आवाज पहिल्यांदा कपाटात ठेवता येईल अशी वस्तू झाला तो इथे.

वेगासाठी पायटा बसवला, शिवणयंत्राला असतो तसाच, सोबत वेग स्थिर ठेवणारा गव्हर्नर. पुढे अमेरिकन ग्राफोफोन कंपनीचा कारखाना कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला निघाला, तोही हौ कंपनीच्या शिवणयंत्रांच्या जुन्या कारखान्यात!

धंद्याची गोष्ट मी लांबवत नाही. साहेबांनी पत्रं सांगावीत आणि कारकुनाने ऐकून उतरवावीत यासाठी ते यंत्र विकायला काढलं होतं, कंपनीमागे कोर्टात लघुलेखन करणारे लोक होते, आणि ते फारसं चाललं नाही. लोकांना गाणी हवी होती. त्याच कंपनीच्या विक्रीच्या शाखेतून कोलंबिया हे नाव पुढे आलं.

माझा मुद्दा एवढाच. आवाज पकडता येतो हे एडिसनने दाखवलं. आवाज कोरायचा कसा आणि कोरलेल्याला न दुखवता वाजवायचा कसा हे टेंटरने दाखवलं. त्यानंतरची साठेक वर्षं बहुतेक ध्वनिमुद्रण या दोन गोष्टींवर उभं राहिलं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. यंत्र हाताळणाऱ्यांनी तर लिहाच.

मास्तर

सुंदर लेख. पदार्थविज्ञान शिकवतो म्हणून कोरणं आणि दाबणं यातला फरक थोडा उलगडून सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

ओल्या मातीत काठी दाबत ओढली तर माती बाजूला सरकते, कडा वर येतात, शेजारची ओळही बिघडते. खुरप्याने तासली तर माती निघून जाते आणि सरी स्वच्छ राहते. वर्खाचं पहिल्यासारखं होत होतं. टोच धातू ढकलायची, धातू ताणला जायचा, थोडा परत उसळायचा. किती खोल दाबलं यावर विरोधही बदलायचा, म्हणजे मोठा आवाज आणि बारीक आवाज यांचं प्रमाण खळग्यात उतरताना बिघडायचं.

सगळ्यात मोठं नुकसान व्यंजनांचं. ‘स’, ‘श’, ‘फ’ या ध्वनींची कंपनं जलद आणि अगदी लहान असतात. वर्ख हलवण्याइतकं बळच त्यांच्यात नसतं. म्हणून वर्खावरचं बोलणं स्वरांपुरतं ओळखू यायचं, शब्द मात्र आधी माहीत असले तरच कळायचे. मेण कापायला बळ फार कमी लागतं आणि ते सगळीकडे जवळपास सारखं लागतं. बारीक कंपन तिथे नोंदलं जातं.

याची किंमतही होती. मेणातली खाच उथळ आणि वरची सुई हलकी, त्यामुळे ग्राफोफोनचा आवाज लहान. कानात नळ्या घालून ऐकावं लागे. पण लहान आणि स्पष्ट आवाज मोठा करायचे मार्ग पुढे सापडतात. मोठ्या आवाजात जे अक्षर उमटलंच नाही ते नंतर कुठून आणणार? टेंटरने स्पष्टपणा निवडला. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत शहाणा निर्णय.

मेन्लोपार्क

लेख आवडला, पण एडिसनवर थोडा अन्याय होतोय.

ग्राफोफोन बाजारात येतोय कळल्यावर एडिसन फोनोग्राफकडे परतला आणि १८८८ मध्ये त्याने सुधारलेलं यंत्र काढलं. ते ग्राफोफोनपेक्षा सरस होतं. पुठ्ठ्यावर पातळ लेप देण्याऐवजी त्याने पूर्ण नळकांडंच मेणाच्या मिश्रणाचं केलं. त्यामुळे वरचा थर तासून तेच नळकांडं पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं. टेंटरच्या पुठ्ठ्यावर एकदा कोरलं की संपलं. एडिसनने पायट्याऐवजी विजेची मोटर लावली. कचेरीत बसून पाय मारत पत्र कोण सांगणार? आणि संगीतासाठी लोकांनी घेतलं तेही त्याच्याच धाटणीचं यंत्र. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नाणं टाकून गाणं ऐकायचं पहिलं यंत्र बसलं, ते एडिसनचंच.

वर्खाची अडचण एडिसनला कळत नव्हती असं मला वाटत नाही. तो दिव्यात गुंतला होता, आणि त्या दिव्याने जग बदललं.

कर्णा

भक्कम घन नळकांडं आणि तासून पुन्हा वापरायची सोय ही एडिसनची मोठी भर, यात शंका नाही. टिकाऊपणात त्याचं नळकांडं पुठ्ठ्याच्या कितीतरी पुढे होतं.

पण १८८८ च्या त्या यंत्रात आवाज नोंदला कसा जात होता ते बघा. मेणात, कोरून. १८७७ मध्ये एडिसनकडे दाबणं होतं, १८८८ मध्ये कोरणं आहे, आणि मधे १८८६ चं पेटंट आहे. टेंटर आणि बेल मंडळींनी आधी एडिसनकडे जाऊन एकत्र काम करायचा प्रस्तावही ठेवला होता. एडिसनने नाकारला. पुढे १८८८ मध्ये जेसी लिपिनकॉट या व्यावसायिकाने दोन्ही यंत्रांचे विक्रीहक्क एका छत्राखाली आणले. मेणात कोरण्याच्या पेटंटवर नंतर बरेच खटले झाले आणि १८९० च्या दशकात अमेरिकी न्यायालयात ते टिकलं. या धंद्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्या पेटंटशी सामना करावा लागला.

दिव्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, त्या दहा वर्षांत दुसरं कुणीतरी खपलं, तर त्याचं नाव त्या ओळीत यायला हवं.

खटपट्या

मी जुने चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करतो. तुमच्या लेखातल्या ‘सैल टांगलेली सुई’ या तीन शब्दांवर मला लिहायचंय, कारण ते माझं रोजचं काम आहे.

मध्यंतरी एका वाड्यातून यंत्र आलं. बाहेरून लखलखीत, स्प्रिंग शाबूत, चावी दिली की टेबल सुरेख फिरतंय. तक्रार अशी की तबकडी शेवटाकडे चरचरते आणि गाणं आत-आत जाईल तसं फाटतं. आधी साउंडबॉक्स, म्हणजे सुई आणि पडदा बसवलेली डबी, उघडला. अभ्रकाचा पडदा चांगला होता, भोवतीची रबरी नळी मात्र वाळून कडक झाली होती, ती बदलली. तरी चरचर होतीच. मग टोनआर्मच्या, म्हणजे ती डबी धरणाऱ्या दांड्याच्या, मुळाशी बोट लावलं तर आर्म हलायलाच तयार नाही. सांध्यात जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. त्यामुळे खाच आर्मला आत ओढायची, आर्म अडून बसायचा, आणि सुई खाचेची एक भिंत खात सुटायची. त्यांच्या तबकड्या उजेडात तिरप्या धरून बघितल्या: बाहेरच्या ओळी काळ्याभोर चकचकीत, आतल्या ओळी राखाडी. जिथे राखाडी तिथे गाणं गेलं ते गेलंच.

सांधा रॉकेलने धुतला, दोन थेंब तेल दिलं आणि आर्म नुसत्या फुंकरीने हलायला लागला. नवी सुई लावली, बाहेरच्या ओळींवर आवाज एकदम मोकळा झाला.

टेंटरने १८८५ मध्ये हेच ओळखलं होतं की वाजवणारी सुई खाचेच्या स्वाधीन करायची, यंत्राच्या नाही. नळकांडं थोडं वाकडं असेल, थोडं केंद्रातून सरकलं असेल, तरी सैल सुई ते पोटात घेते. आवळलेली सुई मेण खरवडते. चावीचा ग्रामोफोन वापरणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे: तबकडी लावण्याआधी आर्म बोटाने हलवून बघा. आणि स्टीलची सुई एका बाजूला एकच. पैसे वाचवायला तीच सुई दहा बाजूंना वापरू नका, तबकडी सुईपेक्षा महाग आहे.

आभा

कर्णा, मस्त धागा. मी कुठेतरी वाचलं होतं की या लोकांनी सुईऐवजी हवेच्या झोताने आवाज वाजवला होता. हे खरं आहे का? मला पटतच नाहीये.

कर्णा

खरं आहे, आणि ते टेंटरच्याच नोंदवहीत आहे. तो ‘होम नोट्स’ नावाने रोजच्या प्रयोगांच्या वह्या ठेवत असे. तेरा वह्यांपैकी काही १८९७ च्या आगीत गेल्या, बाकीच्या स्मिथसोनियनकडे आहेत.

७ जुलै १८८१ ची नोंद आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास यंत्र सज्ज झालं. दाबाखालच्या हवेच्या टाकीची झडप अगदी थोडी उघडली, मापकावर सुमारे १०० पौंड दाब दिसेपर्यंत. झोताचं टोक काचेचं, इतकं बारीक की एकाच ओळीवर रोखता येईल. नळकांडं फिरवलं, आणि निसटणाऱ्या हवेतून शब्द आले. निदान ८ फुटांवर उभ्या माणसाला ते समजत होते. खाचेच्या उंचसखल तळामुळे झोत कमीजास्त अडतो आणि हवाच बोलायला लागते. झीज शून्य, कारण स्पर्शच नाही.

तारीख लक्षात घ्या. त्याच आठवड्यात, २ जुलैला, अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली होती. पुढच्या काही दिवसांतच बेल आणि टेंटर हे काम बाजूला ठेवून शरीरातली गोळी विजेने शोधायचं यंत्र बनवण्यात गढून गेले. महिनाअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी अध्यक्षांवर ते वापरूनही पाहिलं. गोळी सापडली नाही, आणि सप्टेंबरात गारफील्ड गेले. ऑक्टोबरमध्ये हेच लोक मेणाची पेटी घेऊन स्मिथसोनियनच्या दारात. एका उन्हाळ्यात माणसं किती कामं करत होती!

पोटोमॅककाठी

मी वॉशिंग्टनजवळ राहते, म्हणून दोन गोष्टींची भर.

जॉर्जटाउनमध्ये ३५ व्या रस्त्यावर व्होल्टा ब्युरोची पिवळसर विटांची, देवळासारख्या खांबांची इमारत आहे. ती १८९३ ची. ग्राफोफोनच्या पेटंटच्या पैशातला आपला वाटा बेलने कर्णबधिरांसाठीच्या कामाला दिला, त्यातून ती उभी राहिली. बेलची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं. जिथून ध्वनिमुद्रणाचा पैसा आला तो कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाला लागला, हे मला तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळलं. जवळच बेलच्या वडिलांच्या घरामागची गाडीखान्याची इमारत आहे, प्रयोगशाळा काही काळ तिथेही होती.

दुसरी गोष्ट आभाच्या प्रश्नाला जोडून. स्मिथसोनियनकडे या प्रयोगशाळेच्या काही शे चकत्या आणि नळकांडी पडून होती. मेणाच्या, काचेच्या, तांब्याच्या. वाजवायचं यंत्रच शिल्लक नाही, आणि सुई टेकवायची कुणाची हिंमत नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मदतीने, त्यांतल्या काहींची अतिशय बारकाईने छायाचित्रं घेतली आणि संगणकाने खाचेचा आकार मोजून त्यावरून आवाज काढला. स्पर्श न करता! १७ नोव्हेंबर १८८४ ची काचेची चकती आहे, तीवर आवाज प्रकाशाच्या किरणाने नोंदवलेला आहे. एक पुरुष ‘बॅरोमीटर’ हा शब्द तोडून तोडून म्हणतोय. आणि १५ एप्रिल १८८५ च्या मेण-पुठ्ठ्याच्या चकतीवर बराच वेळ नुसते आकडे म्हटले आहेत आणि शेवटी स्वतः बेल आपलं नाव सांगून माझा आवाज ऐका असं म्हणतो. हा बेलचाच आवाज असल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. तो ऐकताना मी रडले.

मिरजकर

आमच्या घरी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ म्हणजे देव. वडील त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या लावायचे. त्यांच्या १९०४-०५ च्या सुमाराच्या अगदी पहिल्या मुद्रणांतलंही थोडं ऐकलंय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. जुन्यात आवाज तरुण आणि धारदार, पण साथ जवळपास गायब. नंतरच्यात तंबोराही भरून ऐकू येतो. माझा प्रश्न: टेंटरच्या नळकांड्याचा आपल्या तबकड्यांशी खरंच संबंध आहे का? तबकडी तर एमिल बर्लिनरची ना?

कर्णा

मिरजकर, हा प्रश्न कुणीतरी विचारावा याचीच वाट बघत होतो.

सपाट तबकडी आणि ग्रामोफोन बर्लिनरचा, अगदी बरोबर. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा हा माणूस १८७० मध्ये अमेरिकेत गेला आणि १८८७ मध्ये त्याने पेटंट घेतलं. खाच खोल-उथळ करण्याऐवजी त्याने ती डावी-उजवी नागमोडी केली. पण मेणात कोरणं दुसऱ्यांच्या पेटंटमध्ये होतं, म्हणून त्याला वळसा घालावा लागला. जस्ताच्या चकतीवर मेणाचा अगदी पातळ थर, सुईने तो नुसता खरवडून जस्त उघडं करायचं आणि मग आम्लात बुडवून खाच खायला लावायची. आम्ल सरळ रेषेत खात नाही, खाचेच्या भिंती खडबडीत होतात. बर्लिनरच्या सुरुवातीच्या तबकड्यांची खरखर मुख्यतः तिथून येते. १९०० च्या आसपास एल्ड्रिज जॉन्सनने आम्ल सोडलं आणि मूळ प्रत जाड मेणाच्या चकतीवर कोरायला सुरुवात केली. आवाजात एकदम फरक पडला. म्हणजे तबकडी बर्लिनरची, पण तिची मूळ प्रत पुन्हा मेणात कोरलेली.

आता आपल्याकडे या. फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीकडून कलकत्त्याला आला आणि त्याने गायिका गौहर जानचं गाणं नोंदवलं. हा गैसबर्ग मूळचा वॉशिंग्टनचा. पोरवयात तो तिथे ग्राफोफोनच्या नळकांड्यांसाठी पियानो वाजवायचा आणि नंतर बर्लिनरकडे गेला. त्याच्यासोबत मेणाच्या चकत्या आल्या होत्या. गायिकेने कर्ण्याजवळ तोंड नेऊन गायचं, सुई मेण कोरत जायची, तीन मिनिटांत सगळं संपवायचं. मग त्या चकत्या जहाजाने हॅनोव्हरला जायच्या, बर्लिनरच्या भावाच्या कारखान्यात. तिथे कुणाला आपल्या भाषा कळत नव्हत्या, म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपलं नाव इंग्रजीत सांगे, लेबल चुकू नये म्हणून. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

मेणाची मूळ प्रत तपासायला वाजवली तर ती खराब होई, साचा काढण्यालायक राहत नसे. म्हणजे ज्या प्रतीवरून तबकडी निघायची ती गायकाला ऐकवताच येत नव्हती. छापलेली तबकडी महिन्यांनी परत आली की मगच त्याला कळायचं आपण कसे गायलो. त्या काळच्या कलावंतांनी हे कसं सोसलं असेल याचा मी नेहमी विचार करतो.

खाँसाहेबांच्या दोन काळांतला फरक मेणाचा नाही, मायक्रोफोनचा आहे. १९२५ पासून विजेवरचं मुद्रण आलं आणि कर्ण्यात न मावणारा तंबोरा मायक्रोफोनने पकडला. पण मायक्रोफोनकडून येणारा विजेचा प्रवाह शेवटी कशात कोरला जात होता? मेणातच. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तोवर मूळ प्रती मेणाच्याच होत्या. बालगंधर्वांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या घ्या, हिराबाई बडोदेकरांच्या घ्या, त्या काळातल्या बहुतेक आधी मेणात जन्मल्या.

मास्तर

यात आपल्या देशाची एक भर राहिली. छापलेली तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची, आणि जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातल्या जंगलांतून जायची. लाखेच्या किड्यांनी पळस-कुसुमाच्या फांद्यांवर केलेला राळेसारखा थर. छोटा नागपूरच्या आदिवासींनी गोळा केलेली लाख हॅनोव्हरला आणि अमेरिकेला जात होती आणि गाणं होऊन परत येत होती. त्या गोळा करणाऱ्यांना त्यातलं किती मिळालं असेल?

आणि कर्णा, टेंटरने चकत्यांवरही काम केलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाही. बाहेरच्या ओळीत सुईखालून जास्त लांबी जाते, आतल्या ओळीत कमी. म्हणून आतल्या ओळी आवाजाला अपुऱ्या पडतात. त्यावर त्यांनी उपाय सुचवला होता की सुई आत जाईल तसा चकतीचा वेग वाढवायचा, सुईखालचा वेग कायम सारखा. ग्रामोफोनवाल्यांनी ते सोडून दिलं, कारण यंत्र गुंतागुंतीचं होतं. शंभर वर्षांनी सीडीत नेमकं तेच आलं. सीडी आतल्या ओळीवर मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या ओळीवर सुमारे २००.

आभा

हे वाचून धीर आला म्हणून विचारते. माझ्या आजोळी माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात तपकिरी रंगाची मेणाची नळकांडी सापडली आहेत. प्रत्येक कापसात गुंडाळलेलं. काहींवर पांढरे डाग आहेत. यंत्र नाही. त्यांचं काय करू? मामा म्हणतो ओल्या फडक्याने पुसून टाकू.

खटपट्या

आभाताई, मामांना आधी थांबवा. पुसू नका. स्पिरिट तर मुळीच नको.

पांढरे डाग म्हणजे बहुधा बुरशी. ती मेण खाते, जिथे डाग आहे तिथली ओळ पोखरलेली असते, पुसल्याने ती परत येणार नाही. उलट पुसताना शेजारच्या चांगल्या ओळीवर ओरखडे पडतील. कापूस काढून टाका, तो ओल धरतो आणि त्याचे धागे मेणाला चिकटतात.

उचलताना बाहेरून बोटं लावू नका, हाताच्या उबेने मेण तडकतं. दोन बोटं आतल्या पोकळीत घालायची, हलकेच फाकवायची आणि तसंच उचलायचं. थंडगार नळकांडं लगेच पकडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उभं ठेवा, आडवं नाही. माळ्यावरून खाली आणा, उन्हापासून लांब, आणि पावसाळ्याच्या आत कोरड्या कपाटात.

आणि कुणी ‘माझ्याकडे यंत्र आहे, वाजवून बघू’ म्हणालं तरी देऊ नका. तपकिरी नळकांडी मऊ असतात, नंतरच्या कडक नळकांड्यांसाठीची जड सुई टेकवली की पहिल्याच फेरीत ओळी तासून निघतील. डब्यावर किंवा नळकांड्याच्या कडेवर काही लिहिलं असेल, चिठ्ठी असेल, तर तिचा फोटो इथे टाका. त्यावरून ती गाण्याची विकतची आहेत की घरी कुणी बोलून भरलेली, ते बहुतेक सांगता येईल. घरची असतील तर त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणून ती आधी.